हात हलला तरच पाऊल

मित्रांनो, मला जुना म्हणायचं की नाही यावर वाद होऊ शकतो, कारण मला अजून चार वर्षंसुद्धा पुरती झालेली नाहीत. पण आमच्या जातीत दुसऱ्या वर्षी म्हातारपण येतं आणि तिसऱ्या वर्षी खणात रवानगी होते. मी मनगटावर बांधायचा पट्टा आहे. चालणं, पळणं, झोप, नाडी सगळं मोजतो, असं माझ्या खोक्यावर छापलं होतं. सध्या मी एका टेबलाच्या खणात पडून आहे. सोबतीला संपलेले सेल आहेत, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आहेत आणि एक काडी मोडलेला चष्मा आहे. माझी बॅटरी कधीच संपली, पण तोंड शाबूत आहे. ज्यांना गोडगोड ऐकायचं असेल त्यांनी एखाद्या छत्रीला नाहीतर पेन्सिलीला विचारावं. त्या बिचाऱ्या फार सोशिक असतात. मी नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसून आमच्या पोटात बारीक बारीक भाग बसवत. त्यांना बोलायची मुभा नव्हती आणि जागचं उठायचीही नव्हती. जगाला चालायला लावणारी वस्तू दिवसभर बसून तयार होत होती, आता बोला! शेवटी परीक्षेसाठी आम्हाला एका लोखंडी हाताला बांधलं. तो हात पुढे-मागे झुलायचा आणि आम्ही पावलं मोजायची. बरोबर मोजली की पास. त्या हाताखाली माणूस नव्हता, कंबर नव्हती, पाय तर नव्हतेच. म्हणजे आम्हाला जन्मल्यापासून हातच शिकवला. पाय कुणी दाखवलेच नाहीत. हात झुलला की पाऊल पडलं, एवढंच आमचं ज्ञान. हे खोक्यावर छापलेलं नव्हतं. खोक्यावर एक सडपातळ तरुण पळताना दाखवला होता, हसत हसत. पळताना कोण हसतं हो?

मला एका माणसाने विकत घेतलं, एक नव्हे, जोडीने. एक स्वतःला आणि एक, म्हणजे मी, दूरच्या गावी राहणाऱ्या वडिलांना. त्या वडिलांना सगळा मोहल्ला मीटरकाका म्हणायचा. उभा जन्म त्यांनी विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात घालवला होता. दारोदार जायचं, जिन्याखाली वाकायचं, टॉर्च मारायचा, आकडा लिहायचा. लोक भांडायचे, ‘अहो, आम्ही गावाला होतो, एवढं बिल कसं?’ काकांचं उत्तर ठरलेलं असे, ‘मीटर खोटं बोलत नाही. माणूस बोलतो.’ एकदा एका बाईने रडून सांगितलं, तरी काका हलले नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण आकड्यापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे.

काकूंचं तसं नव्हतं. काकू शिवणकाम शिकवायच्या. जीभ कात्रीहून धारदार, आणि तितकीच कामाची. एका आजारात त्यांचे दोन्ही पाय गेले. हात चांगले, डोकं लख्ख, पण कमरेखाली काही हलेना. काही महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येत, त्या काकांना बजावून सांगायच्या, ‘रोज खुर्चीत बसवा. बसायची सवय मोडली तर पाठ परत धरणार नाही.’ मग चाकांची खुर्ची आली. काकांनी पुढच्या दोन पायऱ्यांवर टाकायला एक फळी बेतून घेतली आणि रोज संध्याकाळी काकूंची स्वारी बाहेर पडू लागली.

ही स्वारी मी त्या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून सांगतो. फाटकातून बाहेर, इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून, मग ती लांब चढण, आणि चढणीच्या माथ्यावर बाग. बागेच्या कठड्यावर चार बायका बसायच्या. त्यातल्या एक निवृत्त नर्सबाई, त्यांचं आणि काकूंचं विशेष सूत. काकू आल्याशिवाय त्या कट्ट्याला रंग चढत नसे. कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या झंपरची बाही कशी चुकली, सगळ्याचा पंचनामा व्हायचा. काका बाजूला उभे राहून घाम पुसायचे. ‘अहो, बसा की जरा,’ असं काकू म्हणायच्या, ‘तुमची पेन्शन काही उभं राहून वाढणार नाही.’ बायका हसायच्या. काकू उतरणीला खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून म्हणायच्या, ‘हळू! मला अजून जगायचंय.’ पाय गेलेल्या बाईने हे म्हणावं, याची किंमत काकांना कळत होती. मला तेव्हा कळत नव्हती.

आता मी त्या घरात आलो कसा ते ऐका. काकांना साखर होती, वजनही जास्त होतं. डॉक्टरांनी विचारलं, ‘किती चालता?’ काका म्हणाले, ‘रोज फिरतो.’ डॉक्टर म्हणाले, ‘किती ते सांगा. मोजता का?’ जन्मभर दुसऱ्यांचे आकडे टिपलेल्या माणसाला स्वतःचा आकडा सांगता आला नाही. काका ओशाळले. घरी येऊन त्यांनी मुलाला फोन केला, आणि आठ दिवसांत मी त्यांच्या मनगटावर होतो. माझे आकडे थेट मुलाच्या फोनवर दिसायचे. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता मी इथून तुमच्यावर लक्ष ठेवीन.’ काकांना केवढं बरं वाटलं! मुलगा लक्ष ठेवणार म्हणजे काय, चेष्टा आहे?

तुम्ही हुशार आहात, तुम्हाला पुढचं कळलं असेल. काका खुर्चीच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून ती चढण चढायचे. गुडघे वाकायचे, छाती भरून यायची, सदरा पाठीला चिकटायचा. आणि मी? मी दांड्यावर घट्ट धरलेल्या मनगटावर बसून होतो. हात झुलत नव्हता, म्हणजे पाऊल पडत नव्हतं. मी इमानदारीने लिहीत होतो की हा माणूस बसून आहे. नाडीचं मात्र मला कळत होतं, ती मी वाढलेली दाखवत होतो. म्हणजे माझ्या हिशेबाने एक म्हातारा रोज संध्याकाळी खुर्चीत बसायचा आणि बसल्या बसल्या त्याचं काळीज धडधडायचं.

मुलगा घाबरला. त्याचा फोन आला. ‘बाबा, तुम्ही चालतच नाही! आणि संध्याकाळी एवढी धडधड कसली? काय चिंता करत बसता?’

‘अरे, मी तुझ्या आईला बागेपर्यंत नेतो ना रोज.’

‘ते चालणं नव्हे बाबा. ते रमतगमत गाडी ढकलणं. आकडाच सांगतोय. जरा स्वतःसाठी चाला, हात हलवत, झपझप.’

काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. काकू खुर्चीतून म्हणाल्या, ‘मग हा घाम कुणाचा? माझा?’

‘उकाड्याचा असेल.’

‘उकाडा रोज चढणीवरच होतो वाटतं. अहो, जरा तुमच्या पायांना विचारा.’

‘मीटर खोटं कशाला बोलेल?’ असं काका म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या माणसाला गदागदा हलवून सांगावं. पण मला फक्त थरथरता येतं, सांगता येत नाही.

काकांनी आधी दोन्ही करून पाहिलं. काकूंना फिरवून आणायचं आणि मग एकट्याने चालायला जायचं. पण ती चढण उतरून आल्यावर त्यांच्यात जीव उरत नसे. दारातच बसायचे. मग त्यांनी एक दिवसाआड करून पाहिलं. काकूंचा पारा चढायला लागला. एकदा काका त्यांना समजावत म्हणाले, ‘अगं, उद्या मी पडलो तर तुला कोण उचलणार? मुलगा तिकडे. आपलं आहे कोण?’ हे ते मनापासून बोलले. त्यांच्या पोटात ती एकच भीती होती, आणि खरं सांगायचं तर जे काही झालं ते त्या भीतीने झालं. काकू फणकारल्या, ‘जा ना मग. माझं ओझं कशाला ढकलता? जा, हात हलवत जा!’

बाई रागात म्हणाली हो! नवऱ्याने ‘असं कसं, चल’ म्हणावं म्हणून म्हणाली. घरोघरी बायका असंच म्हणतात आणि घरोघरी पुरुषांना तेवढं कळतं. काकांना परवानगी मिळाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते एकटे निघाले.

मित्रांनो, मग माझे सोन्याचे दिवस आले! काका बागेला फेऱ्या मारायचे, हात असे झुलवत की समोरचा माणूस बाजूला सरकायचा. माझे आकडे भराभर चढू लागले. ठरलेला आकडा गाठला की मी मनगटावर थरथरून काचेवर रंगीत फुलबाज्या उडवायचो. मुलगा तिकडून टाळ्यांची चित्रं धाडायचा. ‘बाबा, कमाल!’ सगळ्या नातेवाइकांत बातमी गेली. मेहुणे, भाचे, पुतणे, सगळे म्हणू लागले, ‘ह्या वयात शिकावं तर काकांकडून.’ कौतुक कुणाला नको असतं? काकांची छाती फुगली. माझीही फुगली असती, असती तर.

काकू खिडकीशी बसायच्या. खिडकीतून इस्त्रीवाल्याच्या दुकानाचा अर्धा फळा आणि चढणीचा पहिला तुकडा दिसायचा. काका रस्त्यावर पोचले की मागे वळून त्यांना हात हलवायचे. ते हात हलवणंही मी पाऊल म्हणून मोजायचो.

कट्ट्यावरच्या बायकांनी सुरुवातीला चौकशी केली. नर्सबाई एकदा घरी येऊन बसल्या. काकू हसून म्हणाल्या, ‘आमचे हे आता शर्यतीत उतरलेत. घोडा टांग्याला जुंपत नाहीत.’ नर्सबाईंनी काकांकडे असं पाहिलं की मी सदऱ्याच्या बाहीत शिरलो असतो. ‘काका, एक दिवस तरी आणत जा हो त्यांना,’ त्या म्हणाल्या. काका ‘हो हो’ म्हणाले. त्या आठवड्यात आकडा थोडा कमी पडत होता. मग पुढच्या आठवड्यात बघू, असं झालं. पुढच्या आठवड्यात पाऊस होता. मग नर्सबाई स्वतःच मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. तिघींपैकी एकीचे गुडघे गेले. कट्टा मोडला. काकूंशिवायच मोडला.

आणि गंमत ऐका. कडू गंमत. काकांचं वजन वाढलं! खुर्ची ढकलायच्या दिवसांत त्यांच्या विजारीचा पट्टा दोन भोकं आत गेला होता, तो आता पुन्हा बाहेर आला. का नाही येणार? माणसासकट ती खुर्ची चढणीवर ढकलणं म्हणजे हमाली होती, आणि सपाट बागेत हात झुलवणं म्हणजे हवा खाणं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. ‘एवढं चालता आणि वजन उतरत नाही?’ काकांनी अभिमानाने माझी काच पुढे केली. डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि मान डोलावली. ‘आकडे तर उत्तम आहेत. अजून वाढवा.’ शिकलासवरला माणूस! काट्यावर उभा आहे तो माणूस जड झालाय, हे समोर दिसतंय, आणि बघतोय माझ्याकडे. मग काका सकाळीही जाऊ लागले.

त्या दिवसांत घरात एक नवी शांतता आली. काकू बोलायच्या नाहीत असं नाही. भाजी कशी करायची ते सांगायच्या, औषध मागायच्या. पण टोमणे थांबले. काकांना वाटलं, चला, हिने समजून घेतलं. अहो, ज्या बाईचे टोमणे थांबतात तिने समजून घेतलेलं नसतं, तिने नाद सोडलेला असतो! हळूहळू त्या खुर्चीतही कमी बसू लागल्या. ‘पाठ भरून येते’ म्हणायच्या. व्यायामाच्या बाईंचं येणं केव्हाच बंद झालं होतं. खुर्ची दाराआड गेली आणि तिच्यावर वाळलेले कपडे पडू लागले.

मग मुलगा आला. सूनबाई आली, तान्हं नातवंड आलं. घर भरलं. मुलाच्या मनगटावर माझा जुळा भाऊ होता. संध्याकाळी मुलगा बाळाला बाबागाडीत घालून त्याच चढणीवरून बागेत गेला आणि घामाघूम होऊन परत आला. काका चहा घेत बसले होते. मुलाने मनगटाकडे पाहिलं आणि तो मोठ्याने हसला.

‘च्यायला! एवढी चढण चढलो आणि हा पठ्ठ्या म्हणतोय तुम्ही बसून आहात!’

सूनबाई बाळाला उचलत म्हणाली, ‘बाबागाडीचं दांडकं धरलं होतंस ना? मग कसं मोजेल? हात हलला तरच तो मोजतो. सगळ्यांना माहीत आहे. बाळाला फिरवताना मी तर घोट्याला बांधते.’

काकांचा कप बशीत टेकायचा तो हवेतच राहिला. ‘खुर्ची ढकलली तरी नाही मोजत?’ त्यांनी विचारलं.

‘कुठलीच गाडी नाही बाबा. बाजारातली ट्रॉलीसुद्धा नाही.’

मुलगा अजून हसत होता. त्याच्या लक्षात काही आलं नव्हतं. तो टॉवेल शोधत आंघोळीला गेला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. काकू पलंगावर जाग्याच होत्या. काकांनी तिकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग हातांचा जोर लावून कूस बदलली. मला काकांची नाडी लागत होती. ती मी वाढलेली दाखवली.

मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी खुर्चीवरचे कपडे काढले. चाकांना शिवणयंत्राचं तेल घातलं. काकूंची शाल काढली. कंगवा आणला. लग्नाला निघाल्यासारखी त्यांची लगबग चालली होती. ‘चल,’ ते म्हणाले, ‘फिरून येऊ.’

‘कुठे?’

‘बागेत. कट्ट्यावर.’

‘कट्ट्यावर कोण आहे आता?’

‘मी आहे की.’

काकांनी त्यांना उचलून खुर्चीत ठेवलं, शाल लपेटली, फळीवरून हळूच खाली उतरवलं. फाटकापर्यंत गेले. इस्त्रीवाला इस्त्री तशीच सोडून बाहेर आला. ‘काकू! किती दिवसांनी!’ तो म्हणाला. काकूंना हसायचं होतं, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या एका कुशीला कलत होत्या. ओठ दाताखाली धरले होते. ‘परत चला,’ त्या म्हणाल्या, ‘पाठीला सोसत नाही.’

‘थोडंसंच. चढणीपर्यंत.’

‘अहो, परत चला म्हणते ना!’

काकांनी त्यांना परत आणून पलंगावर निजवलं. उशा लावल्या, पाणी दिलं, पाठ चोळली. मग म्हणाले, ‘उद्या पुन्हा बघू. रोज थोडं थोडं. बाईंना परत बोलावतो. सवय होईल.’

काकू छताकडे बघत बोलल्या. आवाजात राग नव्हता, तोच मला बरा वाटला असता. ‘इतके दिवस मी रोज त्या खिडकीत बसत होते. रोज वाटायचं, आज म्हणतील, चल. तुम्ही रस्त्यावरून हात हलवायचात. तेव्हा म्हणायचं होतंत.’

काका पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. माफी मागायची तर कशाची मागायची, चालल्याची? ते नुसते बसून राहिले. बराच वेळ बसले. उजेड गेला तरी दिवा लावायला उठले नाहीत.

आणि मित्रांनो, माणूस फार वेळ बसला की त्याला उठवायचं, हे माझ्या पोटात कुणीतरी घालून ठेवलेलं आहे. मी थरथरलो. काकूंच्या बोटांनाही ते कळलं. माझी काच उजळली आणि तिच्यावर अक्षरं आली, ‘उठा! थोडं चालून येऊ या!’

काकूंनी ती वाचली. ‘जा,’ त्या म्हणाल्या, ‘बोलावणं आलं.’

काकांनी मला सोडवलं. आपटलं नाही, शिवी दिली नाही. टेबलाचा खण उघडला, मला आत ठेवलं आणि खण लावला. चार दिवसांनी मुलाचा फोन आला तो मी खणातून ऐकला. आकडे का येत नाहीत, असं तो विचारत असणार. ‘हो रे, बिघडला तो,’ काका म्हणाले. दुसरं काही सांगितलं नाही. मी बिघडलो नव्हतो. मी पहिल्या दिवसापासून होतो तसाच होतो.

व्यायामाच्या बाई हल्ली पुन्हा येतात, त्यांचा आवाज येतो. काकू खुर्चीत थोडा वेळ बसतात, असं कानावर येतं. फाटकाच्या पुढे अजून गेलेल्या नाहीत. काका ‘चल’ म्हणतात. रोज म्हणतात. काकू ‘उद्या’ म्हणतात.

तर बाळांनो, आमची निगा राखा, पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका, असं मी सांगणार नाही. माझी निगा उत्तम राखली गेली. काका मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. बांधायचं तर बांधा आम्हाला, पळा, वजन उतरवा, माझी ना नाही. हात किती हलला हे खुशाल विचारा. पण कुणाला बरोबर घेऊन चाललात आणि कुणाला खिडकीत ठेवून चाललात, हे आम्हाला विचारू नका. आम्हाला ते कळत नाही. आणि वाईट हे आहे की कळत नसलं, तरी आम्ही उत्तर देतो.